बसलिंगआप्पांचा शुक्रवारचा मदरसा

बसलिंगआप्पा कुणाचंही घर विकायला घेण्याआधी त्या घरात आडवे पडत. पाहुणा ओसरीवर लवंडतो तसं नव्हे. प्रत्येक खोलीत जायचं, जमिनीवर पाठ टेकायची, पाय लांब करायचे, डोक्याखाली उपरण्याची घडी घ्यायची आणि डोळे मिटायचे. घरमालक शेजारी ताटकळत उभा. माजघर झालं की स्वयंपाकघर, स्वयंपाकघर झालं की कोठीची खोली. देवघरात मात्र ते नुसते मांडी घालून बसत, तेवढी सूट त्यांनी देवाला दिली होती.

"उभ्या मानसाला घर दिसतं मास्तर, आडव्या मानसाला कळतं," असं ते मला सांगत. "माळवद कुठं गळतं, भिताडाला वल कुठवर चढली, शेजारची सून सासूला काय बोलती, समदं आडवं पडल्यावर कळतं."

एकदा असेच एका घरात ते कोठीच्या खोलीत पडले आणि त्यांना झोप लागली. घरमालक वाट बघून कंटाळला आणि तंबाखू आणायला बाहेर गेला. तेवढ्यात त्याची आई नदीवरून धुणं घेऊन परतली. खोलीत एक अनोळखी माणूस सरळ पडलेला, हात छातीवर, कपाळाला विभूती, शेजारी छत्री. म्हातारीला वाटलं, सोयऱ्यातलं कुणी भेटायला आलं आणि जागच्या जागी गेलं. कोण ते तिला कळेना, पण रडणं तर भाग होतं, म्हणून तिनं नाव न घेता मोठ्यानं गळा काढला. आळी गोळा झाली. दोघं बांबू बघायला निघाले. तेव्हा आप्पा उठून बसले, जमलेल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोलीला वारं चांगलं हाय." ते घर त्यांनी पुढच्याच आठवड्यात विकलं आणि घेणारा त्या रडायला आलेल्या मंडळींपैकीच एक होता.

मी बीडला सरकारी मदरशात मास्तर म्हणून लागलो तेव्हा आप्पांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. निजाम सरकारात तेव्हा शाळेला मदरसाच म्हणत. आमची दोघांची मधली भिंत एक. आप्पांच्या पलीकडच्या अंगाला रहीमभाई राहत, त्यांचं घर स्वतःचं होतं आणि त्यांचीही भिंत आप्पांच्या भिंतीला लागून. आप्पा घरं आणि वावरं यांची दलाली करत. वय साठीच्या पुढचं, अंगात काळा कोट, त्याच्या गुंड्या ते सहसा लावत नसत, डोक्याला लाल रुमाल आणि हातात बारमाही छत्री. बायको, पार्वतीकाकू, मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं.

त्यांच्या तोंडातलं एक वाक्य होतं, "ह्यात सबक काय?" काहीही घडलं की त्यातला धडा ते समोरच्याला असा विचारत. कुणाचा बैल पळाला, कुणाची वरात चिखलात अडकली, कुणाला कुत्रं चावलं, आप्पा आधी हळहळत आणि मग विचारत, "ह्यात सबक काय?" कुत्रं चावलेला माणूस काय सबक सांगणार? पण सांगितल्याशिवाय आप्पा त्याला हकिमाकडे जाऊ देत नसत.

ह्या सबकाचा मदरसा कसा झाला ते सांगायला हवं. एका घराच्या वादात आप्पांना अदालतीत साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलानं पेशा विचारला. आप्पा म्हणाले, दलाली. वकिलानं विचारलं, तालीम, म्हणजे शिक्षण, किती? आप्पा म्हणाले, "कशाची?" वकील म्हणाला, "दलालीची." आप्पा खरोखर विचारात पडले आणि म्हणाले, "ती कुठं मिळती?" अदालत हसली. न्यायाधीशसुद्धा मिशीत हसले म्हणे. आप्पा मात्र घरी आले ते गंभीर होऊन.

"मास्तर, वकिलाला इम्तिहान हाय. हकिमाला हाय. पटवाऱ्याला हाय. मानूस जल्मभर राबतो आन घर घेतो, ते दलालाच्या शब्दावर घेतो. मग दलालाला इम्तिहान कावून न्हाई?"

माझं गप्प राहणं म्हणजे होकार असं आप्पांनी धरलं आणि पुढच्या शुक्रवारी मी दलालांच्या मदरशाचा मास्तर झालो. कायदा उर्दूत, आप्पांना उर्दू बोलता येई पण वाचता येत नसे. एका वकिलाकडचं जुनं, पानं सुटलेलं कायद्याचं पुस्तक त्यांनी पैदा केलं. ते मी वाचायचं, आप्पांनी समजावून सांगायचं आणि गावातल्या दलालांनी शिकायचं, असा बेत ठरला.

पहिल्या शुक्रवारी आप्पांच्या ओसरीवर गावातले सगळे दलाल आले, कारण फुकट जेवण आहे अशी हूल कुणीतरी उठवली होती. जेवण होतंही. आप्पांनी स्वतः धपाटे केले होते. पार्वतीकाकू गेल्यावर ते हाताला येईल तसं रांधत आणि हाताला विशेष काही येत नव्हतं. धपाटे एका अंगानं करपलेले आणि दुसऱ्या अंगानं कच्चे. दुसऱ्या शुक्रवारी निम्मे दलाल आले. महिन्याभरात दोघंच उरले, रहीमभाई आणि गंगाराम.

रहीमभाई हंगामात सीताफळं विकत आणि एरवी घरांची दलाली करत. जुम्म्याची नमाज उरकून ते आले की वर्ग सुरू होई. गंगाराम मूळचा बैलबाजारातला दलाल, बैलांना वाईट दिवस आले म्हणून घरांकडे वळलेला. त्याच्या अंगात बैलबाजार इतका मुरला होता की घर बघायला गेला तरी तो आधी भिंतीला थाप मारी आणि मागे सरके, लाथ बसेल म्हणून. बाजारात भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. गंगारामनं तीच रीत एका पंतांच्या घराच्या सौद्याला लावली. पंत सोवळ्यात होते. गंगारामनं त्यांच्या हातावर उपरणं टाकून आत बोटं दाबायला सुरुवात केली. पंतांनी जी किंकाळी फोडली ती तहसीलीपर्यंत गेली, आणि पंतांना दुसऱ्यांदा आंघोळ करावी लागली.

शुक्रवारी आप्पांनी त्याला उभं केलं. "ह्यात सबक काय?"

"पंताला शिवू नये," गंगाराम म्हणाला.

"न्हाई बे. बैल इकताना बैलाला इचारत न्हाईत. घर इकताना घरातल्या मानसाला इचारावं लागतं. भाव कितीबी असूं दे, त्याला त्या घरातून जायचं हाय का न्हाई, हे आधी बघायचं. तोंडानं समदेच इकायचं म्हनतेत."

असले सबक आप्पा सहज बोलता बोलता देऊन जात. त्यांचा आणखी एक सबक म्हणजे गिऱ्हाइकाला आधी खोड सांगायची. चौसाळ्याला रस्त्यावरचं एक घर होतं. आप्पांनी गिऱ्हाइकाला दारातच सांगितलं, "माळवदात धामण हाय. कुनाला काई करत न्हाई, पावसाळ्यात तेवढी खाली येती." मालकानं कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकानं घर घेतलं. जो माणूस धामण सांगतो तो बाकीचं लपवत नसणार, असा त्याचा हिशेब. हे ऐकून रहीमभाईंनी पुढच्याच घराला चुलीचा धूर, विहिरीचं खारं पाणी, मागच्या दाराची कडी, शेजाऱ्याचं गाढव आणि मालकाचा स्वभाव, अशा एकामागून एक इतक्या खोडी सांगितल्या की मालकानंच विकायचं रद्द केलं. असल्या घराला पाप लागेल असं त्याला वाटलं. आप्पा म्हणाले, "रहीमभाई, खोड येक सांगायची. बाकीच्या गिऱ्हाईक हुडकतं. हुडकल्या की त्यालाबी बरं वाटतं."

दर वर्षी आप्पा इम्तिहान घेत आणि दर वर्षी दोघांनाही नापास करत. एकदा गंगारामनं कंटाळून विचारलं, "आप्पा, हे शिकनं सरतं कवा?"

"तू मेल्यावर," आप्पा म्हणाले, "आन तरीबी खात्री न्हाई."

अशात आम्ही पुस्तकातल्या शुफ्याच्या पानावर आलो. हा शुफा म्हणजे शेजाऱ्याचा हक्क. तुमच्या भिंतीला लागून असलेलं घर कुणा परक्याला विकलं गेलं, तर त्याच भावात ते मी घेतो असं म्हणायचा पहिला मान तुमचा. आमच्याकडच्या अदालती हा हक्क मानत. पण त्याला एक विलक्षण अट होती. विक्री कानावर पडली त्या क्षणी मागणी करायची. विचार करायचा नाही, बायकोला विचारायचं नाही, ताटावरून हात धुवून येतो म्हणायचं नाही. ऐकलं की उठायचं, मोठ्यानं म्हणायचं, "मी शुफा मागतो," आणि जवळच्या माणसांना साक्षीला धरायचं. थोडा जरी वेळ दवडला तरी हक्क गेला.

आप्पा ह्या कायद्यावर निहायत खूश झाले. "कायदा करनारा मानूस शेजारपाजारात राह्यलेला दिसतो," ते म्हणाले. आणि त्यांनी सराव सुरू केला. गप्पा चालू असताना मध्येच ते म्हणत, "रहीमभाई, तुमच्या शेजारचं घर गेलं," आणि रहीमभाईंनी ताडकन उठून शुफा मागायचा. गंगारामला उठायला वेळ लागे, त्याचे गुडघे धरलेले होते. आप्पा त्याला बसवत, पुन्हा उठवत. मलाही सोडलं नाही. मी मास्तर आहे, दलाल नाही, असं म्हटल्यावर ते म्हणाले, "शिकवनाऱ्याला आधी आलं पायजे."

ह्या सरावाचे परिणाम गावभर दिसू लागले. गंगारामची बायको जेवताना सहज म्हणाली की शेजारच्यांनी शेळी विकली. गंगाराम भरल्या ताटावरून उठला, शुफा मागितला आणि सासूला साक्षीला धरलं. शेजाऱ्यानं त्याला वेड्यात काढलं. शुक्रवारी त्यानं तक्रार केली तेव्हा आप्पा म्हणाले, "शेळीला शुफा न्हाई बे. पर उठलास ते चांगलं केलंस."

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो. रहीमभाई सीताफळांच्या गाड्या घेऊन जालन्याला गेले. मागे आप्पांना हिवताप भरला. शुक्रवारी गंगाराम वर्गाला आला तेव्हा दार आतून बंद, हाका मारल्या तर आतून नुसतं कण्हणं. त्यानं दाराला बैलासारखी धडक दिली आणि आत गेला. आप्पा अंथरुणात, घागर कोरडी, चूल कधीची थंड. गंगारामनं हकीम आणला, मी आणि रहीमभाई परतेपर्यंत तो तिथेच राहिला, आणि आप्पा त्यातून उठले.

उठल्यावर ते एकदाच त्याबद्दल बोलले. "शुक्रवारच्या आदल्या दिशी पडलो म्हनून बरं. शनवारी पडलो असतो तर पुढच्या शुक्रवारपतूर कुनाला कळलं असतं?" हे ते हसत म्हणाले. आम्ही हसलो नाही.

मग धर्मापुरीहून त्यांचा पुतण्या आला. भला माणूस होता. म्हणाला, काका, इथं कोण आहे तुमचं, घर विका आणि आमच्याकडे चला. आप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पुतण्या परत गेला. आम्हाला वाटलं, विषय मिटला.

एका दुपारी रहीमभाई माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. मला हाताला धरून त्यांनी गच्चीवर नेलं आणि आप्पांच्या अंगणाकडे बोट केलं. माजघराचं दार उघडं होतं. आप्पा जमिनीवर पडले होते, पाय लांब, डोक्याखाली उपरण्याची घडी, डोळे मिटलेले. मी हाक मारायला तोंड उघडलं. पण ते उठले, कोट झटकला, स्वयंपाकघरात गेले आणि तिथे पडले.

"मास्तर, समजे क्या?" रहीमभाई म्हणाले. "आप्पांनी खुद का घर विकायला घेतलं."

आता काय करायचं? आप्पांना जाऊ नका म्हणावं तर कोणत्या नात्यानं म्हणावं? मी भाडेकरू शेजारी, हे दोघं दर वर्षी नापास होणारे शागीर्द. सख्खा पुतण्या न्यायला तयार असताना आम्ही कोण अडवणार? गंगारामला सांगितलं तर तो नुसता धरलेला गुडघा चोळत बसला. पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघांनी करपलेले धपाटे मागून मागून खाल्ले. आप्पांनी आमच्याकडे संशयानं पाहिलं. ते घर सोडून जाणार आणि ही ओसरी दुसऱ्याची होणार, हे आमच्या मनातून हलत नव्हतं आणि तोंडातून निघत नव्हतं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी वर्गाला आलो तर आप्पांच्या शेजारी एक गृहस्थ बसलेले. शिरूर कासारचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी, मल्हारशेठ. आप्पांनी कोट धुतला होता. सगळ्या गुंड्या लावल्या होत्या. त्यांनी आम्हाला धपाटे वाढले, मल्हारशेठना वाढले, आणि आम्ही पहिला घास घेतला तसे म्हणाले, "आजचा सबक ल्हान हाय. हे घर मी मल्हारशेठना दिलं. सौदा पक्का झाला, इसार घेतला. सोमवारी खरेदीचा कबाला लिवायचा, की मी धर्मापुरीला जातो."

आधी उठला तो गंगाराम. ज्याला एरवी उठायला भिंतीचा आधार लागे तो गंगाराम तोंडात धपाट्याचा घास असतानाच उभा राहिला आणि म्हणाला, "म्या शुफा मागतो." घास असल्यानं ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून गिळून त्यानं पुन्हा म्हटलं. त्याचं वाक्य पुरं होण्याआधी रहीमभाई उठले. "मी शुफा मागतो. मास्तर गवाह, गंगाराम गवाह, मल्हारशेठ, आप भी गवाह." आणि मग मी पाहिलं तर मीही उभा होतो आणि तेच म्हणत होतो. मी कधी उठलो ते मला आजही सांगता येणार नाही.

मल्हारशेठ दचकून मागे सरकले. आप्पा आमच्याकडे बघत राहिले. पण शेवटी ते मास्तरच. चूक दिसली की त्यांना राहवत नसे.

"गंगाराम, बस खाली. तुझं घर नदीच्या पल्याड हाय. तुझी भिंत माझ्या भिंतीला कुठं लागती बे?"

"लागत न्हाई," गंगाराम म्हणाला. "पर आता उठलोय." आणि तो बसला नाही.

"मास्तर, तुमी तर भाडेकरू. भाडेकऱ्याला शुफा कुठला? कायदा तुमीच वाचून दावला की."

मी म्हणालो, "वाचून दाखवला खरा." मीही बसलो नाही.

मग ते रहीमभाईंकडे वळले. घर स्वतःचं, भिंत एक, मागणी त्याच क्षणी, साक्षीदार धरलेले. आप्पांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कुठे काही चुकलंय का ते शोधलं. बराच वेळ शोधलं. मग नाइलाजानं म्हणाले, "रहीमभाई पास."

मदरसा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा कुणी पास झालं होतं. रहीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पास झाल्याचं नव्हतं.

मल्हारशेठ ह्या सगळ्याकडे भीतीनं पाहत होते. "आप्पा, हे काय हाय? ह्यांचा खरंच हक्क लागतो?"

"भिंत येक हाय," आप्पा म्हणाले.

"मंग हे अदालतीत जातील?"

आप्पांनी रहीमभाईंकडे पाहिलं. रहीमभाईंनी मान हलवली, जातील म्हणून. अदालतीची पायरी चढायची त्यांची मुळीच ऐपत नव्हती, घर घेण्याची तर सोडाच. पण मान त्यांनी जोरात हलवली.

मल्हारशेठ आता सरळ आप्पांकडे वळले. "आप्पा, तुमी जुनं मानूस. तुमच्या शबुदावर मी आलतो. तुमीच सांगा, मी हे घर घ्यावं का वाद लागंल?"

आप्पांनी कोटाची वरची गुंडी काढली, मग दुसरी काढली. मग म्हणाले, "वाद लागला तर कुठवर जाईल ते सांगता येत न्हाई."

मल्हारशेठनी इसार परत घेतला, धपाटा तसाच ठेवला आणि छकडा जुंपायला सांगितला. त्यांना दुसरं घर मिळालं, आप्पांनीच मिळवून दिलं. पण त्या दिवशी ते गेल्यावर आप्पांनी आम्हाला असं झाडलं की काही विचारू नका. दलालांनी दलालाचा सौदा मोडला. उस्तादाची विद्या उस्तादावर चालवली. "लाज न्हाई वाटत?" असं त्यांनी प्रत्येकाला वेगळं विचारलं. आम्ही खाली मान घालून उभे होतो. मग गंगाराम म्हणाला, "आप्पा, धपाटं गार व्हायलंय." तेव्हा आम्ही बसलो.

घर वादात आहे ही बातमी गावभर झाली. त्यानंतर कुणी गिऱ्हाईक फिरकलं नाही. धर्मापुरीच्या पुतण्याला आप्पांनी निरोप धाडला की घर अडकलंय, ते सुटल्याशिवाय येता येत नाही. आप्पा राहिले. मदरसा चालू राहिला. पास झालेल्या रहीमभाईंनाही रोज नवं शिकावं लागतं, असा नियम त्यांनी नव्यानं काढला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका लग्नात माझ्या शेजारी पंक्तीला एक वकील बसले होते, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. मी गंमत म्हणून त्यांना ही हकीकत सांगितली. ते ऐकत होते, हसत होते, आणि मग एकदम म्हणाले, "पण मास्तर, कबाला झाला होता का?"

मी म्हणालो, "नाही, सोमवारी व्हायचा होता."

"मग कसला शुफा? विक्री पुरी झाल्याशिवाय हा हक्क उठतच नाही. नुसत्या इसारावर मागितलेला शुफा फुकट. तुम्ही तिघंच काय, सगळी आळी उठली असती तरी काही होत नव्हतं."

मी म्हणालो, "आप्पांना बहुधा ठाऊक नसेल."

वकील मोठ्यानं हसले. "आप्पांना? अहो, मोमिनाबादच्या एका सौद्यात असाच एक शेजारी आडवा आला होता. तेव्हा आप्पांनीच हा मुद्दा काढून त्याला परत धाडला. मी तिथेच होतो."

पंगत उठल्यावर मी घरी न जाता तडक आप्पांकडे गेलो. ते अंगणात तुळशीपाशी बसून छत्रीची एक काडी नीट करत होते. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी कबाला झाला नव्हता."

त्यांनी मान वर केली नाही. "न्हाई झालता."

"म्हणजे आमचं उठणं फुकटच होतं."

"फुकटच की."

"मग आमच्या सगळ्या चुका काढल्यात, गंगारामची भिंत काढलीत, माझं भाडं काढलंत. ही एवढी मोठी चूक मल्हारशेठना का नाही सांगितलीत? ते तुम्हालाच विचारत होते. एका शब्दात सौदा वाचला असता."

आप्पांनी काडी खाली ठेवली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मास्तर, मी लई घरं रिकामी केली. घर सोडून चाललेली मानसं लई बघितली. कुनी चाललं की त्याला कुनीतरी आडवं येतं. बहीन येती, शेजारीन येती, येखादं पोर धोतर धरतं. मी ते बाजूला उभा राहून बघतो, आन छकड्यात सामान चढवाय हात लावतो. माझं घर इकायला काढलं तवा वाटलं, आपलं सोपं हाय. पारबती गेली, आता आपल्याला आडवं कोन येनार? सोमवारी छकडा लागंल आन मी जाईन." ते थांबले. रुमालाच्या शेवानं त्यांनी नाक पुसलं. "तर तुमी तिघं उठलात. त्या गंगारामला तर नीट उभंबी ऱ्हाता येत न्हाई."

मी खाली ठेवलेली काडी उचलून त्यांच्या हातात दिली.

"इतकी मानसं माझ्यासाठी उठली," आप्पा म्हणाले, "आन मी म्हनू, बसा, तुमचं चुकलं?"